ताईनं लिहिणं का सोडलं

फोन फिलोमिनाचा होता. तिच्याकडे माझा नंबर आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. सकाळचा चहा गॅसवर होता, आणि पलीकडून बाजारात बसून बसून जाड झालेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “सुनंदा काय? मी फिलोमिना, उत्तनची. तुजी बहीन उठत न्हाय गो.” उठत नाही म्हणजे काय, असं मी विचारलं. ती एवढंच म्हणाली, “तू ये. मी बसली हाय तिच्यापाशी.” भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडत जातात, मिठागरं लागतात, मग खारा वारा तोंडावर येतो. त्या रिक्षात बसून मी ताई गेली याचा विचार करत नव्हते. माझ्या डोक्यात एकच येत होतं, की इतक्या सकाळी ताईपाशी फिलोमिना कशी? पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेली, म्हणाले. ताईच्या पांढऱ्या केसांची नीट वेणी घातलेली होती आणि फिलोमिना पायाशी जमिनीवर बसून होती. ताई स्वतः कधी वेणी घालत नसे, नुसती गाठ मारायची.

माझी बहीण वासंती कथा लिहायची. तिच्या वाचकांना ती आठवत असेल, नव्या पिढीला बहुधा नाही. ती गेल्यावर दोन-तीन ठिकाणी तिच्यावर छापून आलं. सगळ्यांत तिच्या कौलारू घराचे, कोंबड्यांचे, चुलीचे फोटो होते आणि सगळ्यांचा सूर एकच होता. बहरात असताना लेखणी खाली ठेवून मातीत रमलेली लेखिका, शहराच्या उंबरठ्यावर खेडं जगलेली बाई, वगैरे. ते वाचताना माझे कान तापले. कौतुक खोटं होतं असं नाही. घर होतं, कोंबड्या होत्या, गोधड्या होत्या. पण ताईनं लिहिणं सोडलं ते मातीत रमली म्हणून नव्हे. ती शरमेनं थांबली. हे घरातल्या लोकांना माहीत होतं आणि उत्तनमधल्या निम्म्या गल्लीला माहीत होतं. बाहेर मात्र त्या शरमेची एक गोड कहाणी झाली होती, आणि तिच्या मागे आता ती माझ्या नावावर जमा होत होती. लोक भेटून म्हणत, “किती समाधानी आयुष्य जगल्या हो तुमच्या ताई!” मी मान हलवायचे. शेवटी पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, लिहिते. पण जे झालं ते लिहीन.

आम्ही दोघी मुंबईत वाढलो. खेडं आमच्या घरात फक्त सुट्टीपुरतं होतं, आणि तेही आजोळ सुटल्यावर संपलं. ताईनं लग्न केलं नाही. विम्याच्या कचेरीत तिनं बरीच वर्षं काढली. दुपारच्या सुट्टीत डबा लवकर संपवून कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर गोष्टी लिहायची. मी लग्न होऊन भाईंदरला आले. एकदा ती माझ्याकडे आली असता आम्ही सहज उत्तनला गेलो. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, रस्त्यात जाळी पसरलेली होती, आणि एका गल्लीच्या टोकाला एक बंद कौलारू घर होतं, मागे पडवी आणि नारळाची चार झाडं. ताई त्या घरासमोर उभी राहिली ती हलेचना. पुढच्या वर्षी तिनं कचेरी सोडली आणि ते घर घेतलं. माझे यजमान म्हणाले, “वासंतीताई, पावसाळा काढून बघा एक, मग बोलू.” त्या पहिल्या पावसाळ्यात छपरातून इतकं पाणी आलं, की ताई छत्री उघडून पलंगावर बसून लिहीत होती. मी गेले तर म्हणाली, “बघ, घरात बसून पाऊस बघायला खिडकीसुद्धा लागत नाही.”

तिचे उद्योग तेव्हापासून सुरू झाले. तिला काहीच येत नव्हतं, हे आधी सांगायला हवं. पहिली चूल तिनं स्वतः घातली. ती वाळल्यावर मधोमध चिरली. दुसरी अशी कलंडली, की तिच्यावर ठेवलेलं पातेलं आपसूक दाराकडे सरकायचं. जमीन शेणानं सारवायची असं ठरवलं, पण जवळपास गाय होती कुठे? काशीमिऱ्याकडच्या एका तबेल्यातून ती बादलीभर शेण घेऊन निघाली, तर रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, आप बैठो, लेकिन ये मेरे गाडी में नहीं चलेगा.” ताईनं त्याच्याशी एवढ्या गप्पा मारल्या, की शेवटी बादली त्यानंच आपल्या पायाशी घेतली. पहिल्या कोंबड्या मुंगसानं नेल्या. पडवळाच्या मांडवावर पडवळ सोडून बाकी सगळं चढलं. नारळाच्या झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधायला ती शिकली, पण गाठ सैल राहायची आणि अंगण झाडता झाडता खराटा हातातच सुटून पसरायचा. माझ्याकडे तिनं दिलेले असे तीन खराटे होते, आमच्या सोसायटीतल्या झाडूवाल्या बाईनं ते हसत हसत नाकारले. पण हळूहळू जमत गेलं. वाल आले, दुधी आले. कोकमं वाळू लागली, शिकेकाई कुटून डब्यात भरली जाऊ लागली. तिच्या चुलीवरच्या भाकरीला जी चव होती ती माझ्या गॅसवर कधी आली नाही. आणि हे सगळं करताना ती बडबडत असायची. कोंबडीशी, वेलाशी, माझ्याशी, पीठ भिजवता भिजवता डोक्यात चाललेल्या गोष्टीतल्या बाईशीसुद्धा. “आता ही उठून दार उघडेल का गं, सुनंदा? मला वाटतं नाही उघडणार,” असं ती मध्येच म्हणायची, आणि मी दाराकडे बघायचे.

सकाळी ती लिहायची. मागच्या पडवीत मांडीवर फळी घेऊन बसायची, समोर अंगण. त्या वर्षांत तिच्या कथा दिवाळी अंकांतून गाजल्या, दोन संग्रह आणि एक कादंबरी आली. मग वर्तमानपत्रवाले येऊ लागले. फोटो काढायचा म्हटलं, की ती मिक्सर उचलून कपाटात ठेवायची आणि पाटा-वरवंटा पुढे ओढायची. मी हसले, की म्हणायची, “अगं, त्यांना आवडतं. आणि मलाही आवडतं की.” तिला मिरवायला आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. ती मनानं फार सरळ होती, पण तिला आपल्या घराचं चित्र आवडायचं, आणि चित्रात कोण कोण बसलंय याचा ती नेहमीच विचार करायची असं नाही.

फिलोमिना शेजारची. हे तिचं खरं नाव नव्हे. तिची होडी होती, म्हणजे नवऱ्याची होती. तो गेल्यावर मुलगा समुद्रावर जायचा आणि ती भाईंदरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. ताईची चूल शेवटी तिनंच नीट घालून दिली, तीही शिव्या देत देत. “वासंती, तुज्या हाताला काय डोळं न्हायत,” असं ती म्हणायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की तिला दुपारी थोडी सवड मिळे. ती आपली जुनी लुगडी घेऊन ताईच्या पडवीत येई, आणि दोघी समोरासमोर बसून एकच गोधडी दोन टोकांकडून शिवत. दोघींचे टाके अजिबात सारखे नव्हते. फिलोमिना मासे विकताना आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची, हिंदी, गुजराती, सगळ्या बोलींत. ताई हसून हसून सुई टोचून घ्यायची. मी कधी गेले तर मला वाटायचं, माझी बहीण माझ्याशी असं हसत नाही. जरा हेवाही वाटायचा.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगते. हा मजकूर मी फिलोमिनाला वाचून दाखवला आहे. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती मी काढली. मग म्हणाली, “आता ऱ्हाऊ दे.”

अशाच एका पावसाळी दुपारी फिलोमिनानं ताईला आपल्या नवऱ्याबद्दल काहीतरी सांगितलं. तो गेला त्या दिवशी तिला काय वाटलं, तिनं काय केलं, ते. तिनं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाला नाही, बहिणीला नाही, चर्चमध्ये पाद्रीबाबांपाशीसुद्धा नाही. काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. ते एकदा छापून झालं आहे, तेवढं पुरे. ताईनं ते ऐकलं, आणि तिच्या आत जे लिहिणारं काही होतं त्यानं ते उचललं. तिनं गावाचं नाव बदललं, नवऱ्याला होडीऐवजी होडीतळावर काम दिलं, बाईला हिंदू केलं. कथा दिवाळी अंकात आली. त्या वर्षी तिच्याएवढं दुसऱ्या कुठल्या कथेबद्दल बोललं गेल्याचं मला आठवत नाही. तिला बक्षीसही मिळालं. बातमी आली तेव्हा ताईनं फिलोमिनाला पेढे दिले. फिलोमिनानं विचारलं, “कसली गोष्ट गो?” ताई म्हणाली, “अशीच, एका बाईची.” हे ताईनंच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना तिला पुरतं बोलवेना.

मराठी नीट वाचणारं कुणी फिलोमिनाच्या घरी नव्हतं. ती कथा तिथवर पोचली नसती. पण गावातल्या एका शाळेतल्या बाई ताईच्या वाचक होत्या. आपल्या गावात लेखिका राहते याचा त्यांना अभिमान. त्यांनी महिलांचा एक मेळावा ठेवला, ताईचा सत्कार केला, आणि ताईला पूर्वकल्पना न देता बक्षीस मिळालेली कथा स्वतः उभं राहून वाचून दाखवली. मी त्या कार्यक्रमाला होते. फिलोमिना आणि तिची सून दुसऱ्या रांगेत होत्या. सुरुवातीला बायका हसत होत्या, मग शांत झाल्या... मग एका ठिकाणी, एका बारीकशा तपशिलाशी, सगळी खोली वेगळ्याच तऱ्हेनं गप्प झाली. ताईनं बाकी सगळं बदललं होतं, तो तपशील तेवढा बदलला नव्हता. तो फार चांगला होता म्हणून ठेवला होता, असं ती म्हणाली. दोन-तीन बायकांनी मान वळवून फिलोमिनाकडे पाहिलं. मग आणखी दोघींनी पाहिलं. फिलोमिना समोर बघत होती, मग गोष्ट अर्धीच असताना उठून बाहेर गेली. वाचणाऱ्या बाईंना काहीच कळलं नव्हतं, त्या फार छान वाचत होत्या. मी ताईकडे पाहिलं. गळ्यात हार, मांडीवर नारळ, आणि तिचा चेहरा असा झाला होता, की मी पटकन नजर खाली घातली. माझ्या सख्ख्या बहिणीकडे मला बघवत नव्हतं.

फिलोमिनाच्या मुलाला सुनेकडून कळलं. तो आईला ओरडला नाही, तेच वाईट. एवढंच म्हणाला, “माज्या बापाबद्दल तू परक्या बाईला सांगितलंस?” आणि महिन्याभरात बायकोला घेऊन नवघरला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. ताई फिलोमिनाच्या दारात गेली तेव्हा मी सोबत होते, कारण एकटीनं जायचं तिला धैर्य नव्हतं. फिलोमिना उंबऱ्यावर बसून बोंबील निवडत होती. ताई म्हणाली, “फिलोमिना, मी नाव बदललं होतं गं.” म्हणायला नको होतं तेच वाक्य नेमकं तिच्या तोंडून पहिलं बाहेर पडलं. फिलोमिनानं वर पाहिलं. “नाव बदललंस,” ती म्हणाली, “मना न्हाय बदललंस.” मग हातातलं टोपलं उचलून आत गेली. दार तिनं आपटलं नाही, नुसतं लोटलं.

त्याच सुमारास ताईच्या नव्या संग्रहाची छपाई चालू होती, ही कथा त्यात पहिली होती. ताईनं आधी ती कथा काढायला सांगितली. मग सगळं पुस्तकच थांबवलं. प्रकाशक चिडले, मग समजावू लागले, मग त्यांनी नाद सोडला. कुणी विचारलं, की सध्या काय लिहिताय, तर ती म्हणायची, “आता घरातच मन रमतं हो.” हे वाक्य कुठल्याशा मुलाखतीत छापून आलं आणि तिथून ती गोड कहाणी सुरू झाली. मी एकदा तिला म्हटलं, “खरं कारण सांग ना.” ती म्हणाली, “खरं कारण सांगायचं तर फिलोमिनाचंच पुन्हा सांगावं लागेल.” म्हणून मी इतकं जपून लिहिते आहे, आणि जपूनही कदाचित चुकते आहे.

त्यानंतरचे तिचे उद्योग वेगळे होते. बघणाऱ्याला ते वाढलेले दिसायचे, आणि वाढले होतेच. ती गोधड्यांवर गोधड्या शिवायची, कुणाला हव्यात का हे न विचारता. कुंड्या, शिंकी, वाती, पापड, कुरडया... मागची खोली भरून गेली होती. तिचा हात आता फार सफाईदार झाला होता, खराट्याच्या गाठी सुटत नसत, टाके एका रेषेत पडत. पण ती बडबडत नव्हती. कोंबड्यांना दाणे टाकतानासुद्धा तोंड मिटलेलं. पाहुणे आले, की म्हणत, काय शांती आहे इथे! मला तिथे बसवत नसे. लिहायची फळी तिनं अळूच्या वाफ्याला कड म्हणून लावून टाकली. दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर ती वेलावरचा पहिला दुधी, पहिलं कारलं ठेवायची. फिलोमिना ते उचलायची नाही. ते तिथेच सुकायचं, कावळे टोचायचे, मग ताईच ते काढून टाकायची आणि पुढच्या हंगामात पुन्हा ठेवायची. मी म्हटलं, “कशाला गं लोकांना दाखवतेस?” म्हणाली, “लोकांना नाही.” फिलोमिनाचं एकटीचं घर तिला पडवीतून रोज दिसायचं. मुलगा सणालाही येत नसे. ख्रिसमसला सगळी गल्ली कंदिलांनी उजळायची, आणि त्या दाराशी एकच दिवा असायचा. त्या रात्री ताई आपल्या घरातले दिवे लावायची नाही.

असं किती वर्षं चाललं ते मोजण्यात अर्थ नाही. मग एका पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरून ताई पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी तिच्याकडे राहायला गेले. दुपारची वेळ होती, मी तिला भरवत होते, आणि मागच्या दारातून फिलोमिना आत आली. विचारलं नाही, हाक मारली नाही, जशी पूर्वी यायची तशी आली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. फिलोमिनानं माझ्या हातातलं ताट घेतलं आणि म्हणाली, “सुनंदा, तू जरा बाजारात जाऊन ये.” बाजारात मला काही आणायचं नव्हतं. तरी मी गेले. समुद्राकडे जाऊन होड्यांवर टाकलेली निळी प्लास्टिकं बघत उभी राहिले, भिजले, परत आले. दोघी पडवीत होत्या. ताईचे डोळे रडून सुजले होते. फिलोमिना तिचे केस विंचरत होती, कारण एका हातानं ताईला ते जमत नव्हतं. कुणी मला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून गडग्यावर ठेवलेला दुधी नाहीसा होऊ लागला. दोघी पूर्वीसारख्या हसत नव्हत्या. फारसं बोलतही नसत. फिलोमिना येऊन बसायची, ताईच्या गुडघ्यांना तेल लावायची, जायची. मुलगा परत राहायला आला नाही, पण नातू झाल्यावर सणाला येऊ लागला. ताईनं लिहायला मात्र पुन्हा घेतलं नाही. मी एकदा सुचवलं, तर माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा विषय काढला नाही.

ताई गेल्यावर भाईंदर पश्चिमेला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फिलोमिनाला मीच आग्रहानं नेलं होतं. ती आपली ठेवणीतली साडी नेसून आली आणि माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसली. तीन वक्ते बरे बोलले. चौथे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी पिशवीतून तो जुना दिवाळी अंक काढला आणि म्हणाले, वासंतीबाईंची सर्वश्रेष्ठ कथा कुठली हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली... उठून उभं राहायचं, एवढंच करायचं होतं. ‘हे वाचू नका’ इतकं म्हणायला कितीसा श्वास लागतो? माईक होता, ओळखीची माणसं होती, मी त्यांच्या लेखिकेची बहीण होते. मी उठले नाही. लोक काय म्हणतील, कारण काय सांगू, सांगितलं तर पुन्हा तेच होईल, असलं काहीबाही डोक्यात गरगरत राहिलं आणि प्राध्यापक त्या तपशिलापर्यंत आले, तो वाचला, आणि डोळे पुसून म्हणाले, “हे फक्त कल्पनेच्या बळावर लिहिणारी लेखिका होती ही!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फिलोमिनानं आपला खरखरीत हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. जणू आम्हा दोघींत सांभाळून घ्यायची गरज मला होती.

परतताना रिक्षात मी रडायला लागले. “मला माफ कर,” म्हटलं, “मी तुला उगाच आणलं.” ती बाहेर बघत होती. मिठागरांवर पाणी चकाकत होतं. म्हणाली, “त्यानं शेवट न्हाय वाचला.” मला कळेना. मग तिनं सांगितलं, की ताईचं मनगट मोडलं त्या दिवसांनंतर तिनं एकदा ती सगळी गोष्ट ताईच्याच तोंडून वाचून घेतली होती. “मना ऐकायचीच होती. सगळ्यांनी ऐकली, मीच अर्दी ऐकून उटली होती.” मी विचारलं, कशी वाटली? “शेवटाला ती बाई गाव सोडून निघून जाते,” फिलोमिना म्हणाली, “मी बोलली, वासंती, तुना काय म्हाईत न्हाय. कुटं जानार ती? मासळी कोन इकनार?” आणि त्या रिक्षात, ताई गेल्यानंतर पहिल्यांदा, ती थोडी हसली. मग मी तिला त्या सकाळचं विचारलं, तिला कसं कळलं म्हणून. म्हणाली, “रोज बगते. त्या टायमाला तुजी बहीन दार उगडते. आमचं बोलनं न्हवतं तवा पन बगायची. राग येगला, बगनं येगलं.”

गेल्या आठवड्यात घर आवरायला गेले होते. कोंबड्या गल्लीतल्या लोकांनी नेल्या आहेत. गोधड्या वाटल्या. घराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. दलाल मात्र दोनदा येऊन गेला. दुपारी फिलोमिना मागच्या दारातून आली आणि आम्ही पडवीत बसलो. मी तिला म्हटलं, की मी ताईवर लिहिते आहे, खरं काय ते लिहिणार आहे, चालेल का? तिनं विचार केला. “लिव,” म्हणाली, “तिनं केलं ते लिव. मना राग आला ते पन लिव. लोकांना वाटतं ती इथं मजेत बसलेली. तसं न्हवतं.” मला जरा धीर आला. आणि मग, इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. त्या दुपारी मला बाजारात पाठवलंस, तेव्हा तू तिच्याशी काय बोललीस?

फिलोमिना म्हणाली, “मी बोलली, वासंती, माजं तू सगळ्या जगाला सांगितलंस. आता तुजं मना सांग. जे कोनाला सांगितलं न्हाईस ते.”

“आणि? तिनं सांगितलं?”

“सांगितलं. रडली, पन सांगितलं.”

अंगणात ऊन होतं. मी पुढे सरकून बसले होते, हे माझ्या आता लक्षात येतंय. माझ्या बहिणीचं असं काय होतं, जे मला माहीत नव्हतं? कुणी माणूस? आमच्या आईवडिलांबद्दल काही? माझ्याबद्दल? “काय सांगितलं गं तिनं?” मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, त्यात दुःख नव्हतं, नुसती भूक होती.

फिलोमिनानं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. माझ्या चेहऱ्यात तिला कुणीतरी ओळखीचं दिसलं असावं. “तू पन लिवतेस, न्हाय का गो?” ती हळूच म्हणाली. “ते ऱ्हाऊ दे. ते माज्यापाशी हाय.”

मी मान खाली घातली. मग ती गुडघ्यांवर हात देऊन उठली, आत स्वयंपाकघरात गेली. तिनं ताईच्या माठातलं शिळं पाणी केळीच्या मुळाशी ओतलं, माठ आतून घासून घेतला, विसळला आणि ताजं पाणी भरून पुन्हा जागेवर ठेवला. वर झाकणी, झाकणीवर पेला उपडा. त्या घरात आता पाणी प्यायला कुणी नाही.

कुणासाठी भरलंस, असं या वेळी मी तिला विचारलं नाही.